टोळी आधी कुणाच्या फडात? उत्क्रांतीची रीत आणि एआय, सोप्या भाषेत

दिवाळी संपली की आमच्या भागात एकच चौकशी सुरू होते: उसाची तोड कधी? चिकोडी, रायबाग, अथणीकडं हे नेहमीचंच, पण बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत भाताच्या जोडीला ज्यांनी ऊस लावलाय तेही सकाळ-संध्याकाळ साखर कारखान्याच्या फिल्डमनला फोन लावत असतात. अलीकडं या बोलण्यात एक नवा शब्द शिरलाय. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसावर केलेला एआयचा प्रयोग गाजला, मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला त्याचा जाहीर उल्लेख केला, आणि कोल्हापूर-सांगलीच्या पाहुण्यांबरोबर ती चर्चा सीमा ओलांडून आमच्या कट्ट्यावर आली.

माझे मामा तिथंच बसले होते. म्हणाले, "एआय म्हणजे मोबाइलवर विचारलं की उत्तर देतंय तेच न्हवं? मग ऊसतोडीची टोळी आधी कुणाच्या फडात घालायची ते त्येला कसं कळणार? सांग की गा, तू शिकिवतोस न्हवं हेच?"

बेळगावात मी अभियांत्रिकीच्या मुलांना हाच विषय शिकवतो, तरी कट्ट्यावर उभ्या उभ्या मला त्यांना नीट सांगता आलं नाही. कारण मामांच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. ऊस कधी पिकेल हा अंदाजाचा प्रश्न. शंभर पिकलेल्या फडांपैकी आधी कुठला तोडायचा हा निवडीचा प्रश्न. एआयबद्दल छापून येतं ते बहुतेक पहिल्याबद्दल असतं. दुसऱ्यासाठी एक वेगळी रीत आहे, जुनी आणि फार देखणी. तिला उत्क्रांती-गणन म्हणतात: सजीवांच्या पिढ्या जशा घडत गेल्या, तशा उत्तरांच्या पिढ्या संगणकात घडवायच्या. मला ती इथं सावकाश सांगायची आहे.

आधी बैल, मग संगणक

कृष्णाकाठची काळी जमीन ओली झाली की पायाला धरते. तिच्यात नांगर ओढायला दांडगा बैल लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी असा बैल तयार करायचं मनावर घेतलं. गीर, ओंगोल अशा लांबच्या जाती आणल्या, इथल्या जनावरांशी त्यांचा संकर केला, आणि त्यातून कृष्णा खोऱ्याची प्रसिद्ध जात उभी राहिली. बेळगाव, विजापूर, सांगली, सातारा हा तिचा मुलूख.

कुणी कागदावर हाडं-स्नायूंचा हिशेब मांडून तो बैल बनवला नव्हता. तसा हिशेब कुणाला येतही नव्हता. त्यांच्याकडं बरीच वेगवेगळी जनावरं होती आणि ओढ बघायला जमीन होती. जे चांगलं ओढेल त्याची वीण पुढं न्यायची, दोन चांगल्यांचा मेळ घालायचा, वासरात काही नवं दिसलं तर तेही जोखायचं, आणि हे पिढ्यानपिढ्या करत राहायचं.

उसाचीही तीच कथा. कोइमतूरचं ऊस प्रजनन केंद्र १९१२ साली सुरू झालं. तिथं जाड, गोड उसाचा रानटी, चिवट जातीशी संकर करून को २०५ हा वाण १९१८ साली बाहेर पडला. आज आपल्या फडात सर्रास दिसणारा को ८६०३२ हाही को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन वाणांचं लेकरू. संकरातून हजारो रोपं उगवतात, बहुतेक काढून टाकली जातात, थोडी पुढच्या चाचणीला जातात. असा एक वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज निघून जातात.

संगणकात याच खेळाची एक पिढी डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. फक्त तिथं बैल किंवा ऊस नसतो. प्रश्नाचं उत्तर हेच जनावर.

इतके पर्याय मोजायचे कुणी?

एक टोळी आहे आणि दहा फड तोडायचे आहेत. क्रम किती तऱ्हांनी लावता येईल? पहिल्या जागेसाठी दहा पर्याय, दुसरीसाठी नऊ, तिसरीसाठी आठ, असं गुणत गेलं की ३६,२८,८०० येतात. संगणकाला हे काहीच नाही. फड पंधरा केले की आकडा एक लाख तीस हजार कोटींच्या वर जातो. वीस केले, आणि संगणकानं दर सेकंदाला एक कोटी क्रम तपासले, तरी सगळे तपासायला साडेसात हजारांहून जास्त वर्षं लागतील.

आणि कारखान्याच्या एका गटातसुद्धा फड वीस नसतात, शेकडो असतात. टोळ्या अनेक. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अशा लागणीच्या तऱ्हा, शिवाय तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला खोडवा, प्रत्येकाचं पिकायचं वय निराळं. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला तर बरा, पुढं वजनही घटतं आणि साखरही. गाड्या एकदम आल्या तर काट्यावर रांग लागते, नाही आल्या तर गव्हाणीवर ऊस नाही. एवढं सगळं सांभाळून सर्वांत चांगला क्रम शोधायचा, तर एकेक पर्याय तपासत बसायचा मार्ग बंदच झाला म्हणायचा.

चिठ्ठ्यांचा कळप

मग काय करायचं? आठच फड घेऊ, म्हणजे हातानं करून बघता येईल.

शंभर चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकीवर १ ते ८ हे आकडे मनाला येतील त्या क्रमानं लिहा. हा आपला पहिला कळप, त्यातले बहुतेक क्रम वाईटच असणार. आता प्रत्येक चिठ्ठीचा कस काढायचा. कस म्हणजे त्या उत्तराला दिलेले गुण: या क्रमानं तोडणी केली तर टोळीची पायपीट किती, ऊस किती दिवस शिळा झाला, साखरेचं नुकसान किती, याचा एकच आकडा. जास्त कसाच्या चिठ्ठ्या ठेवायच्या, बाकीच्या फेकायच्या.

राहिलेल्यांतून जोड्या लावायच्या. समजा आई-चिठ्ठी आहे ३ ७ १ ५ ८ २ ६ ४ आणि बाप-चिठ्ठी आहे ५ २ ८ १ ७ ४ ३ ६. दोघींचे मधोमध तुकडे करून नुसते चिकटवले तर ३ ७ १ ५ ७ ४ ३ ६ असं काहीतरी होईल. त्यात तिसरा आणि सातवा फड दोनदा आले, दुसरा आणि आठवा राहूनच गेले. म्हणून इथं रीत थोडी बदलतात. आईचे पहिले चार आकडे जसेच्या तसे घ्यायचे, ३ ७ १ ५, आणि उरलेले फड बापाकडं ज्या क्रमानं आहेत त्या क्रमानं मागं लावायचे, २ ८ ४ ६. लेकराची चिठ्ठी झाली ३ ७ १ ५ २ ८ ४ ६. आईच्या सुरुवातीचा शहाणपणा आला, बापाच्या शेवटाचाही थोडा आला.

मधूनच एखाद्या चिठ्ठीवरचे दोन आकडे उगाच अदलाबदल करायचे. आपल्या लेकराचे ७ आणि ८ बदलले की ३ ८ १ ५ २ ७ ४ ६. हा अपघाती बदल.

मग पुन्हा कस, पुन्हा निवड, पुन्हा जोड्या. वीस फड घेऊन अशा पाचशे पिढ्या चालवल्या तर एकूण पन्नास हजार चिठ्ठ्या तपासून होतात. वीस फडांचे जे अगणित क्रम आपण वर पाहिले त्यांच्यापुढं पन्नास हजार म्हणजे धुळीचा कण, आणि तरीही हाती येणारा क्रम बहुतेक वेळा फार चांगला असतो. पहिल्यांदा मी हे चालताना पाहिलं तेव्हा रात्रभर पडद्यासमोरून उठलो नव्हतो. आज मुलांना दाखवतो तेव्हाही वर्गात एकदम शांतता होते.

धुक्यातला डोंगर

अपघाती बदल कशाला हवा, असं मुलं हमखास विचारतात. चांगल्यांचीच वीण पुढं नेली तर पुरे की.

यासाठी मी त्यांना येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेतो, निदान कल्पनेत. पावसाळ्यात दाट धुकं पडलंय, चार हातांपलीकडचं दिसत नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा सर्वांत उंच माथा गाठ. तुम्ही काय कराल? पायाखाली चढ लागेल तिकडं जात राहाल. चढता चढता राजहंसगडाच्या माथ्यावर पोचाल, तिथून चारी दिशांना उतारच, म्हणजे पोचलो असं वाटेल. कळसूबाई १,६४६ मीटरवर तिकडं दूर उत्तरेला उभी आहे, पण तिच्याकडं जायचं तर आधी गड उतरावा लागेल, आणि चढच धरून चालणारा माणूस कधीच उतरणार नाही.

कळपातली माणसं वेगवेगळ्या डोंगरांवर विखुरलेली असतात, आणि अपघाती बदल अधूनमधून एखाद्याला भलत्याच उतारावर नेऊन सोडतो. त्यातले बहुतेक दरीत जातात, एखादा नव्या डोंगराच्या पायथ्याशी लागतो. कळपात फार लवकर सगळे सारखे दिसायला लागले तर आम्ही घाबरतो. सगळे एकाच गडावर चढून बसले, एवढाच त्याचा अर्थ असतो.

ही रीत आली कुठून

१९६० च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेशेनबर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल हे दोघे विद्यार्थी होते. रेशेनबर्गनं सहा पट्ट्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडल्या आणि वाऱ्याच्या बोगद्यात ठेवल्या. पाच सांधे, प्रत्येकाच्या ५१ स्थिती, म्हणजे साडेचौतीस कोटी आकार. सुरुवातीला वेडीवाकडी दुमडलेली पट्टी. सांधे थोडे थोडे नशिबाच्या हवाल्यानं हलवायचे, वाऱ्याचा अडथळा कमी झाला तर तो आकार ठेवायचा, वाढला तर मागं यायचं. पट्टी हळूहळू सपाट होत गेली, आणि वाऱ्याला कमीत कमी अडवणारा आकार तोच असतो. उत्तर आधीच ठाऊक होतं म्हणून तर परीक्षा खरी ठरली. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन हॉलंड मिशिगन विद्यापीठात याच दिशेनं चालले होते. संकराला मध्यवर्ती जागा त्यांनी दिली, आणि १९७५ साली त्यांचा ग्रंथ आला.

वापराची उदाहरणं पुष्कळ आहेत, मी दोनच सांगतो. मार्च २००६ मध्ये नासानं तीन छोटे उपग्रह सोडले, त्यांच्यावरची एक अँटेना संगणकानं अशीच पिढ्यापिढ्यांनी घडवलेली होती. दिसायला वाकवून टाकलेल्या पेपरक्लिपसारखी. कुठल्याही अभियंत्यानं तसा आकार मुद्दाम काढला नसता, पण मोजून पाहिलं तर ती चालली. दुसरं जपानचं. २००७ साली धावू लागलेल्या एन७०० बुलेट ट्रेनच्या नाकाचा आकार याच रीतीनं शोधला, बोगद्यातून बाहेर पडताना होणारा धमाका कमी व्हावा म्हणून.

मग यात एआय कुठलं?

एआय हे छत्रीचं नाव आहे. तिच्याखाली दोन मोठी घराणी येतात, आणखीही आहेत, पण आपल्याला ही दोन पुरतात. एक घराणं जुनी माहिती पाहून शिकणारं. उपग्रहाची छायाचित्रं, जमिनीतल्या ओलाव्याची नोंद, मागच्या हंगामांचा उतारा हे सगळं दाखवत गेलं की ते अंदाज सांगू लागतं: हा फड अमुक आठवड्यात पिकेल. मोबाइलवर बोलणारं एआय याच घराण्यातलं, ते प्रचंड मजकूर वाचून शिकलेलं आहे. दुसरं घराणं शोधणारं, आपल्या चिठ्ठ्यांचं.

तोडणीच्या कामात दोघं हातात हात घालून येतात. पहिलं सांगतं कुठला फड कधी पिकेल, दुसरं त्या अंदाजावर क्रम लावतं. अंदाज चुकला तर क्रमही चुकणार, खोट्या काट्यावर कितीही काळजीनं वजन केलं तरी ते खोटंच.

आता तर दोघांचा संकरच होऊ लागलाय. २०२५ च्या मे महिन्यात गूगल डीपमाइंडनं अल्फाइव्हॉल्व्ह नावाची प्रणाली जाहीर केली. तिथं चिठ्ठीवर संगणकाची आज्ञावली असते, आणि तिच्यात बदल करायचं काम भाषा शिकलेलं एआय करतं. आंधळ्या अदलाबदलीऐवजी जाणत्या हातानं केलेला बदल, आणि कस मात्र पूर्वीसारखाच कडक. चार ओळी, चार रकाने अशा आकड्यांच्या दोन चौकटी गुणायला शाळेतल्या रीतीनं ६४ गुणाकार लागतात. फोल्कर स्ट्रासेन या जर्मन गणितज्ञाच्या १९६९ च्या युक्तीनं ते ४९ वर आले होते. संमिश्र संख्यांच्या चौकटींसाठी या प्रणालीनं ते ४८ वर आणले. एका गुणाकाराची बचत ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण छप्पन्न वर्षं ती कुणाला सापडली नव्हती.

उद्यमबागेतली भट्टी, किंवा दोन गोष्टी एकदम हव्या असल्या की

आतापर्यंत मी कस म्हणजे एकच आकडा असं धरलं. खऱ्या कामात तसं क्वचित असतं, आणि याचं सर्वांत चांगलं उदाहरण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मिळतं.

साच्यात लोखंडाचा रस ओतला की तो निवताना आकसतो. त्या वेळी आत भर घालायला जवळ रसाचा साठा लागतो, त्याला रायझर म्हणतात. रायझर छोटा पडला तर जॉबच्या, म्हणजे ओतलेल्या वस्तूच्या, पोटात पोकळी राहते आणि माल रिजेक्ट. मोठा केला तर जॉब उत्तम, पण तेवढं जास्तीचं लोखंड वितळवायचं, नंतर कापून काढायचं आणि पुन्हा भट्टीत टाकायचं. विजेचं बिल ज्यानं भरलंय त्याला हे सांगायला नको. म्हणजे निर्दोष जॉब आणि कमी जास्तीचं लोखंड, या दोन्ही गोष्टी हव्यात, आणि त्या एकमेकींचे पाय ओढतात.

बैलबाजारात आपण काय करतो ते आठवा. दोन बैल सारख्याच किमतीला आहेत आणि एकाची ओढ जास्त, तर दुसऱ्याकडं कुणी बघत नाही. असे उघड मागं पडलेले बैल बाजूला केले की जे उरतात त्यांत स्वस्त बैल ओढीला कमी आणि ओढीचा बैल महाग. त्यातला कुठलाही बैल दुसऱ्याला सगळ्या बाजूंनी हरवत नाही. या उरलेल्या रांगेला इटालियन अर्थशास्त्रज्ञ पारेतोच्या नावानं ओळखतात. उत्क्रांतीची रीत इथं फार कामाला येते, कारण तिच्याकडं मुळात कळप असतो, त्यामुळं ती एका दमात सगळी रांगच शोधून पुढं ठेवू शकते. हे काम नीट करणारी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी रीत भारतातली आहे. कानपूरच्या आयआयटीत प्राध्यापक असताना कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती २००२ साली प्रसिद्ध केली. तिचं नाव एनएसजीए-२. मला याचा अभिमान वाटतो, आणि वर्गात सांगताना तो मी लपवत नाही.

रायझरचा प्रत्येक आराखडा खरा ओतून बघता येत नाही. रस कसा निवेल ते संगणकावर आधी चालवून बघतात, आणि एकेक आराखडा चालवायला बराच वेळ जातो. इथं पुन्हा शिकणारं घराणं मदतीला येतं: थोडे आराखडे पूर्ण चालवायचे, त्यावरून एक झटपट अंदाज देणारा काटा शिकवायचा, बहुतेक चिठ्ठ्या त्यावर जोखायच्या आणि निवडक तेवढ्या पुन्हा खऱ्या हिशेबातून काढायच्या.

धरणांचा प्रश्न हाच, फक्त पणाला लागलेलं फार मोठं. ऑगस्टमध्ये हिडकल भरून ठेवलं तर उन्हाळ्याची पाळी निभावते. पण वरून पावसाचा लोंढा आला तर पोटात जागा हवी, नाहीतर घटप्रभेकाठच्या गावांत पाणी. २०१९ चा पूर ज्यांनी गोकाक, चिकोडी, निपाणीकडं पाहिला त्यांना ही ओढाताण समजावून सांगायची गरज नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००६ साली आपल्याच राज्यातल्या भद्रा धरणावर ही रीत लावून दाखवली: शेतीला पाण्याची तूट कमी आणि वीजनिर्मिती जास्त, या दोन्हींची रांग त्यांनी मांडली. रांगेतला नेमका कुठला बिंदू घ्यायचा, पाणी कुणाला आणि किती, हे मात्र माणसांनी बसून ठरवायचं.

संगणकानं दिलेलं उत्तर सर्वोत्तमच का?

नाही. ही रीत चांगलं उत्तर देते, त्याहून चांगलं नाहीच अशी हमी देत नाही. आज चालवली तर एक क्रम मिळेल, उद्या चालवली तर थोडा वेगळा. जिथं गणिताची पक्की रीत उपलब्ध आहे तिथं हिच्या नादी लागू नये. वोल्पर्ट आणि मॅक्रेडी या दोघांनी १९९७ साली सिद्धच केलं की सगळ्या प्रकारच्या प्रश्नांची सरासरी काढली तर कुठलीच शोधायची रीत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही. ती रीत प्रश्नाला साजेशी करून घ्यावी लागते, आणि प्रश्न ओळखणारा माणूस इथं लागतोच.

याहून मोठा धोका दुसराच आहे. ही रीत तुम्ही लिहिलेला कस शब्दशः पाळते, मनातला हेतू तिला दिसत नाही. कार्ल सिम्स यांनी १९९० च्या दशकात संगणकात आभासी प्राणी घडवले. वेगानं सरकणाऱ्याला गुण. चालायला शिकतील ही अपेक्षा. काही प्राणी नुसते उंच झाले आणि धाडकन कोसळले, कारण कोसळतानाही वेग येतोच. नियमात कुठंही "चालून" असं लिहिलेलं नव्हतं.

लांबच्या, लहान फडाचं काय?

मला मामांना खरं सांगायचं होतं ते हेच, आणि त्या दिवशी तेच राहून गेलं.

समजा तोडणीच्या क्रमाचा कस असा लिहिला: एकूण वाहतूक कमीत कमी, साखरेचा उतारा जास्तीत जास्त. दोन्ही गोष्टी योग्य, कुणी हरकत घेणार नाही. आता पाचशे पिढ्या चालवा. मोठे, सलग, रस्त्याकडेचे फड आपोआप पुढं येतील. ओढ्यापलीकडचा वीस गुंठ्यांचा खोडवा प्रत्येक चांगल्या चिठ्ठीत शेवटी जाईल. कुणी त्याच्यावर आकस धरलेला नसतो. त्याला तुरा आला, तो वाळला, वजन घटलं, याचं दुःख कसात कुठं लिहिलेलंच नसतं.

आमच्याच घरचा खोडवा एका हंगामात असा राहिला होता. तेव्हा कुठलाही संगणक नव्हता, माणसांनीच क्रम लावला होता. पण माणसाकडं जाऊन भांडता तरी येत होतं. आजोबा दोनदा गेले, तिसऱ्यांदा टोळी आली. "सिस्टिमनं नंबर दिलाय" असं उत्तर मिळालं असतं तर ते कुणाशी भांडले असते, हा विचार मला सोडत नाही.

उपाय अवघड नाही, तो कसातच लिहिता येतो. कुठलाही फड पिकल्यावर इतक्या दिवसांपेक्षा जास्त थांबला की त्या चिठ्ठीचे गुण मोठ्या प्रमाणात कापायचे. किंवा सरासरी सोडून सर्वांत जास्त ताटकळलेल्या शेतकऱ्याचे दिवस मोजायचे. एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ लिहायची हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि लक्षात येणारा माणूस बंगळूरच्या वातानुकूलित खोलीत बसलेला असेलच असं नाही. म्हणून कारखान्याचा असो की सरकारचा, असा कार्यक्रम येईल तेव्हा पहिला प्रश्न संगणकाबद्दल विचारू नका. कस कुणी लिहिला आणि त्यात काय काय मोजलंय, ते विचारा. तो कागद दाखवायला नकार मिळाला तर मीही तुमच्याबरोबर विचारायला येईन.

यात भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडं जरा जास्तच आहे. इथं जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो, घरातलं बोलणं मराठीत, आणि आज्ञावली इंग्रजीत लिहिलेली. निर्णयाचं कारण शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत, मराठीत आणि कन्नडमध्ये, छापून द्यायला संगणकाला कष्ट पडत नाहीत. मागितलं मात्र पाहिजे.

मुकादमाची, मोल्डरची गरज संपणार का?

हार्वेस्टर फडात आलेत, त्यामुळं तोडणीची माणसं कमी होणार हे खरं आहे, आणि ते दुखणं वेगळं. क्रम लावणाऱ्या संगणकानं मात्र जाणत्या माणसाची किंमत वाढते, असं माझं मत आहे, अट एवढीच की त्याला विचारलं पाहिजे. चाळीस वर्षं साचे भरलेला मोल्डर वाळू मुठीत दाबून सांगतो की आज ओल जास्त आहे, ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, येणार. त्याच्या मुठीतलं ज्ञान कुठल्याही नोंदवहीत नाही. ते विचारून, मोजून कसात उतरवलं तर रीत उजळते.

महागड्या यंत्राची भीतीही बाळगायला नको. चाळीस फडांचा क्रम लावायला साधा लॅपटॉप पुरतो. अंतिम वर्षाचा कुठलाही होतकरू मुलगा किंवा मुलगी ही आज्ञावली लिहू शकते. गावातल्या फडांची खरी माहिती जमा करायलाच जास्त वेळ लागतो.

गेल्या रविवारी मी मामांकडं गेलो आणि वरचं सगळं चिठ्ठ्या मांडून दाखवलं. आठ फड त्यांच्याच वाडीतले घेतले. मामी स्वयंपाकघरातून येऊन उभ्या राहिल्या. कसात काय काय घालायचं ते तुम्ही सांगा, असं मी म्हटलं. मामांनी दिनदर्शिकेचं जुनं पान उलटं केलं आणि लिहायला लागले. वड्याला पाणी असलं की ट्रॅक्टर पलीकडं जात नाही. चौथ्या फडाची वाट दुसऱ्याच्या बांधावरनं, तिथं भात उभं असताना गाडी घालायची नाही. तोडीच्या आधी पाण्याची पाळी किती दिवस बंद ठेवायची. मग मामी म्हणाल्या, "वाड्याचं लिही की. म्हशी आमच्याच हायत, सगळ्यांचा ऊस एकदम तोडला तर पुढं महिनाभर वाडं कुठनं आणू?"

वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, म्हशींचा चारा. हे मी कधीच मोजलं नव्हतं. मामांनी ते चौथ्या क्रमांकावर लिहिलं आणि पान माझ्याकडं सरकवलं.